सगळ्या माद्यांची बाटली

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३
कर्वेनगर

आज वैशालीने प्रयोगशाळेत सगळ्यांपुढे फळमाश्यांची ती बाटली दाखवली. आत एकही नर नाही, सगळ्या माद्याच. बापाकडचं एक्स गुणसूत्र वाय असलेले शुक्राणूच निकामी करतं आणि पुढच्या पिढीत एकटं उतरतं. नर संपले तरी त्याला काय! सर तर खुर्चीतून उठले. माझ्यासाठी कधी उठलेत?

अशीच बाटली जूनमध्ये माझ्या हातात होती. नर शून्य, म्हणजे मोजताना माझंच चुकलं असं समजून मी त्या माश्या तिला देऊन टाकल्या. देऊन टाकल्या! तिला खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी मिळत होती, तेव्हा "जाऊ नकोस गं" म्हणणारीही मीच.

नंतर चहाला तिने विचारलं, "अगं, त्या माश्या तू पकडल्या होत्यास कुठे? अजून हव्यात."

"आठवत नाही," मी म्हणाले.

चक्क खोटं. नारायण पेठेतल्या पेरूवाल्याच्या गाडीमागे, सडक्या पेरूंच्या पाटीवर.

"असू दे. शोधनिबंधावर तुझं नाव आधी घातलंय, माझं नंतर."

याचा तर जास्तच राग आला. थोडं वाईट वागली असती तर काय बिघडलं असतं? नर शून्य. मीच लिहिलं होतं वहीत, माझ्याच अक्षरात.

घरी आल्यावर तिला फोन करून पेरूवाला सांगून टाकला.

"उद्या दोघी जाऊ!" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. पण जाळी मी धरणार, हे बजावूनच फोन ठेवला.