नाव सांगितलं की दिलं

रविवार, २ मे १९९९

आले एकदाची बारामतीला. अंथुर्ण्याला एसटीत बसले ती थेट खिडकीशी. उतरताना कंडक्टरला दोन शब्द ऐकवले तवा कुठं त्यानं माझं गठुडं खाली दिलं. लेक मल्हार स्कूटर घेऊन न्यायला आला व्हता. म्हणाला, आये, भ्याव वाटलं तर मला घट धर. म्हणलं, मेंढरामागं घाट उतरून कोकणात गेलेली बाई मी, तुझ्या फटफटीला भेते व्हय?

घर झ्याक हाय. एमायडीशीच्या अंगाला, वर गच्ची, आत संडास. घरातच संडास ह्ये मला पटत न्हाय, पर गुडघ्यांना पटलं. सून रोहिणीनं पाय धुवाय पाणी दिलं. तोंड हसरं केलं व्हतं, ते च्या उकळंपतूर टिकलं.

नात माझ्या खांद्याला लागली की. नकोशी तिचं नाव, मीच ठेवलंय. तिच्या आधीच्या पोरी पाळण्यातनंच गेल्या. आमच्यात अशा वक्ताला वंगाळ नाव ठेवत्यात. दगडू, धोंडू, केराबाई. घरच्यांनाच जे नको, ते मरण तरी कशाला उचलंल? पोर जगली. शाळेत घालताना ह्या दोघांनी दाखल्यावर संस्कृती लिवलं. रोहिणीनं मी टेकायच्या आत सांगितलं, आत्या, हितं तिला त्या नावानं हाक मारू नका, शेजारणी हसत्यात. बरं बाई म्हणलं. पर जिभेला वळण पडलंय त्याला मी काय करू?

ही डायरी मल्हारच्या कंपनीची. त्यानं एक ओळ लिवली न्हाय. पोरगी म्हणाली, आज्जे, तू लिव, मी चुका काढते. तिसरीपतूर शिकले मी. चुका काढता काढता तिची दहावी व्हईल.

बुधवार, ५ मे

ह्या घरात संगणक हाय. कंपनीनंच दिलाय. त्याच्यावर झाकण घालत्यात, हळदीकुंकू लावलंय, नव्या बैलागत सगळं. दुपारी मल्हार कामावर, रोहिणी शिवणाच्या क्लासात. मंग पोरगी फोनची तार काढून त्याला जोडती. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरागत त्यो डबा केकाटतो, आन् गप हुतो. मंग लांबलांबची माणसं त्याच्यात लिवाय लागत्यात. बोलणं मराठी, पर अक्षरं इंग्रजी. नऊवारी सोडून झगा घातल्यागत दिसतं. मला वाचता येत न्हाय. नकोशी वाचून दावती. तिथं तिनं आपलं शाळेतलं नाव घातलंय.

एक संभाजी हाय, दुबईत हापिसात बसतो. एक कौसल्या, मूळची पणदऱ्याची, अमेरिकेत दिलेली. तिचा नवरा घोरायला लागला की ही खेळाय बसती. खेळ असा: एकानं मनात वस्तू धरायची, बाकीच्यांनी पुसायचं. लाकडाची हाय का? खायची हाय का? त्यानं निस्तं व्हय न्हायतर न्हाय सांगायचं. जो नाव सांगंल त्यानं जिंकलं. म्हंजी आमचं कोडंच की. आमी मेंढरं बसल्यावर घालायचो, ह्ये तारेतनं घालत्यात.

आज कौसल्याचा डाव व्हता. वस्तू लाकडाची, गरागरा फिरती, दोरीबिगर चालत न्हाय. संभाजी म्हणाला भवरा. मी म्हणलं, अरं येड्या, भवऱ्यानं लोणी निघतं का? रवी हाय. रवीच निघाली. कौसल्यानं लिवलं, ह्या आज्जीला रोज बसवा. मला बरं वाटलं. हितं आल्यापासनं कुणी बस म्हणलं न्हवतं.

सोमवार, १० मे

आज खेळात नवा माणूस आला. नाव निस्तं पाहुणा. कौसल्यानं गाव पुसलं तर म्हणतो, वाटेवरचा. मी पोरीला लिवाय लावलं, पाहुण्या, वाटेवर गुळपाणी मिळत न्हाय. त्यानं हसल्याचं लिवलं.

त्यानं कोडं घातलं. लोखंडाची वस्तू, दोन पाय, डोकं न्हाय, चावती पर गिळत न्हाय. संभाजी म्हणाला पकड, कौसल्या म्हणाली कात्री. मी माझ्या चंचीवर हात ठिवून म्हणलं, अडकित्ता. सासूनं दिलेला, मोराच्या घाटाचा, रोज सुपारीला लागतो, मी न्हाय वळखणार तर कोण?

पाहुण्यानं लिवलं, बरोबर. दिलात.

पोरगी म्हणाली, आज्जे, त्याला जिंकलात लिवायचं असंल.

गुरुवार, १३ मे

सकाळी सुपारी दातानं फोडाय गेले तर दाढ हलली. चंची उलटी केली. सुपारी, चुना, कात. ज्यानं सुपारी कातरायची, ते न्हाय. रोहिणीला पुसलं, माझं ते — कुठं ठिवलंस? ती म्हणाली, काय ते? नाव सांगा की. नाव आठवंना. हाताला त्याचं वजन ठावं हाय, जिभेला न्हाय. ती म्हणाली, आत्या, तुमी पयल्यापासनं दातानंच फोडता.

मंग ह्या डायरीत सोमवारचं पान काढलं. अडकित्ता असं लिवलंय. अक्षर माझंच. पर अडकित्ता मंजी काय? पोरीला पुसलं. तीबी बघत बसली.

वयच झालं म्हणायचं. दुपारी पाहुण्याचं दुसरं कोडंबी मीच सोडवलं. एकाच्या अंगावर उगवतं, दुसऱ्याच्या अंगावर राहतं, पावसात घर आन् मेल्यावर हाथरूण. घोंगडं. मल्हारच्या बाचं हाय माझ्या गठुड्यात. शेवटच्या दिशी त्येच्या अंगावर व्हतं, मी धुतलं बी न्हाय.

पाहुणा म्हणाला, दिलंत.

रविवार, १६ मे

गठुडं सोडलं. मधी पोकळ. लुगडी दोन्ही अंगाला, मधी कायतरी हुतं त्याची घडी तशीच, हवेची. वास तेवढा हाय. मेंढराचा आन् माणसाचा. कशाचा वास, सांगता येईना. पान मागं केलं. घोंगडं लिवलंय. अक्षरं वाचली, पर त्यातनं काय दिसंना. कोरडी इहीर.

मल्हारला म्हणलं, घरातनं वस्तू जायला लागल्यात, नावासकट. त्यो म्हणाला, आये, डोळ्याच्या डाक्टरला दावू. डोळ्याला काय झालंय मुडद्या? रोहिणी भांडी घासता घासता म्हणाली, स्वतःच ठिवत्यात आन् स्वतःच इसरत्यात. हळू म्हणाली. मला ऐकू जावं येवढं हळू.

सोमवार, १७ मे

पोरीला म्हणलं, पाहुण्याला पूस, माझं काय नेलंस?

त्यानं लिवलं, नेलं नाही आजी. तुम्ही नाव सांगितलंत. नाव सांगितलं की दिलं.

मल्हारच्या बाचं नाव मी जलमात तोंडानं घेतलं न्हाय. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्येचं आयुष्य कमी हुतं. लोकं हसत्यात असल्या बोलण्याला. मीबी हसायचे, पर घेत न्हवते. नाव मंजी दाव्याची गाठ हाय. गाठ ज्याच्या हातात, जनावर त्याचं.

पोरीला बजावलं, त्या डब्याला हात लावायचा न्हाय. ती म्हणाली, बरं आज्जे. तिच्या बापासारखंच बरं म्हणाली.

बुधवार, १९ मे

दुपारी डोळा लागला व्हता. डबा केकाटला तशी उठले. पोरगी खेळत बसलेली. पाहुण्याचं कोडं, संभाजी आन् कौसल्या पुसत्यात, ती हसून हसून मला वाचून दावती.

जीव हाय का? व्हय. बाईमाणूस? व्हय. दोन येण्या घालती? व्हय. बारामतीत हाय? व्हय. नकोशी टाळ्या पिटाय लागली. आज्जे, माझ्यासारखीच हाय की गं.

मी म्हणलं, पूस त्याला, कुणाला नको अशी हाय का?

तिनं लिवलं. लगीच उत्तर आलं. आधी होती. आता सगळ्यांना हवी आहे.

मी तार उपटली. भिंतीतनं, चुन्यासकट. पोरगी रडाय लागली. तिला कसं सांगू? मी ठेवलेल्या नावाखाली ती झाकलेली व्हती. ह्यांनी चांगलं नाव घालून तिला उघड्यावर उभी केली.

आन् तार तोडून काय झालं? संभाजी दुबईत बसलाय. कौसल्या अमेरिकेत. कोडं तिथं चालूच हाय. चांगली माणसं हायत दोघं. हुशार हायत. त्येचंच भ्याव वाटतंय.

शुक्रवार, २१ मे

मल्हारच्या पाया पडले. पोटच्या लेकाच्या. त्या दोघांना लिव म्हणलं, खेळ बंद करा, पोरीचं नाव काढू नका. त्यो म्हणाला, कंपनीतनं लिवतो, तू आधी उठ.

संध्याकाळी हसत हसत आला. म्हणाला, आये, मी लिवायच्या आधीच संपला तुझा खेळ. संभाजीनं चेष्टेत लिवलं, ही तर आपली — असणार. आन् पाहुणा म्हणाला बरोबर.

ते नाव मल्हारनं घेतलं. मला निस्ते ओठ हललेले दिसले.

मंग त्यानं बूट काढले, मान वर केली. दारात पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. त्यानं तांब्या घेतला, पाणी प्याला, आन् मला पुसलं, आये, ही कोण गं? अंथुर्ण्यासनं आणलीस का कामाला?

शनिवार, २२ मे

रोहिणीनं पोरीला भांडी घासाय बसवलं. पोरगी आई म्हणाली. रोहिणी म्हणाली, बाई म्हणायचं. वंगाळ न्हाय बोलली, समजावून बोलली. तेच जास्त लागलं. मला म्हणाली, आत्या, परक्याची पोर, कवा धाडणार घरी? आपल्याला लेकरू न्हाय म्हणून काय कुणाचंबी आणायचं?

मी तिच्या तोंडावर बोलले, नऊ महिने पोटात वागवलीस तिला. ती रडत आत गेली. तिला लेकरू न्हाय ह्येच्यावर मी टोमणा मारला असं वाटून.

पानं मागं केली. एका जागी संस्कृती असं लिवलंय. हे कुणाचं नाव? पोरीला दावलं. तिलाबी ठावं न्हाय.

मला तिचं एकच नाव ठावं हाय. त्या नावानं हाक मारली की ओ देती. उठती, घास खाती. दुसऱ्या कशानं न्हाय. वंगाळ नावानं पोर राखली. पर नाव खरं झालं की. कुणालाच नको ती.

सोमवार, २४ मे

तार तुटलेली. तरी फोन वाजला. भरदुपारी.

उचलला. आधी मांजर केकाटलं. मंग पाहुणा बोलला. आवाज चांगला, घरच्या माणसागत. आजी, वस्तू एक, नावं दोन. एक माझ्याकडे आहे. ओळखा.

खाली आपटला. पुन्यांदा वाजला. रोहिणी म्हणती, कुठं वाजतोय? काय बी वाजत न्हाय.

ह्या जगात उत्तर मला एकटीलाच ठावं. माझी जीभ कवाच आवरली न्हाय. सासूला आवरली न्हाय, सरपंचाला न्हाय. आता आवरायची.

मंगळवार, २५ मे

हाक मारली न्हाय सकाळधरनं. पोरगी भिताडाला टेकून. डोळं उघडं, पापणी हलत न्हाय. ताट म्होरं तसंच. बाळा म्हणलं, सोने म्हणलं, पोरी म्हणलं. न्हाय. त्यातलं एकबी तिचं न्हवं.

हाक मारावी तर त्यो ऐकतोय. न्हाय मारावी तर —

फोन. उचलत न्हाय.

हात गार. पाय गार. तिची सावली भिताडावर हुती, ती —

फोन.

बोलायचं न्हाय. तोंडानं न्हाय. कागदावर लिवते, तिच्या डोळ्याम्होरं धरते. वाचंल. चुका काढंल. त्याला माझं अक्षर कुठं कळतंय, त्यो इंग्रजीवाला —

फोन थांबला. का थांबला?

लिवते. लवकर लिवते. ऊठ पोरी, बघ, तुझं नाव नको