हळदीने पिवळा झालेला डबा

आई,

काल माझा रिपोर्ट आला. शुगर वाढलीय. आणि हो, सहावा महिना लागलाय मला, हे तुला सांगायचं राहूनच गेलं! तू असतीस तर एव्हाना राजूरहून दोन पिशव्या घेऊन नगरला सावेडीत हजर झाली असतीस.

घरात कुणाला शुगर होती का, असं डॉक्टर मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, आईला. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

तुझ्या शुगरचं कोडं मला कधी सुटलंच नाही. अंगाने काडी, दिवसभर भातखाचरात वाकलेली, चहा बिनसाखरेचा. पायाची जखम भरेना, तेव्हा दवाखान्यात तू मला विचारलंस, "मला कशानं झाली गं? म्या तर गोड खात न्हाई." उत्तर मिळायच्या आत गेलीस.

मॅडमनी खाण्यापिण्याची चौकशी केली. मग गरम जेवण कशात ठेवता, हेही विचारलं. हे कशाला? पण मला तुझे आईस्क्रीमचे डबे आठवले.

मी नगरला कॉलेजात आले आणि तू एसटीने कुळथाचे शेंगोळे पाठवायला लागलीस, कडीच्या स्टीलच्या डब्यात. एकदा रस्सा कंडक्टरच्या पिशवीवर सांडला आणि तो पुन्हा डबा घेईना. मग कुणाच्या तरी लग्नात तुला आईस्क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे मिळाले. काय हरखली होतीस! चुलीवरचा रस्सा थेट त्यात ओतायचीस, झाकण दाबून, चिंधीत बांधून नगरच्या गाडीत द्यायचीस. फोनवर म्हणायचीस, "थेंब गळत न्हाई. लई गुणाचा डबा हाय." मी तोच डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरवायची. तूही उरलेलं त्यातच गरम गरम खायचीस, एक भांडं कमी घासायला.

मॅडम म्हणाल्या, गरम, तेलकट पदार्थात प्लास्टिकमधली रसायनं जास्त उतरतात. शरीरातल्या हार्मोन्समध्ये ती लुडबूड करतात, त्यातून शुगरचा धोका वाढू शकतो, असा संशोधकांना संशय आहे. पण एका माणसाच्या शुगरचं खापर एका डब्यावर फोडता येत नाही, हेही त्यांनी बजावलं.

मग माझी शुगर तुझ्या रक्तातून आली, की डब्यातून? की दोन्हीकडून? कोण सांगणार!

घरी येऊन माळ्यावरचे डबे काढले. एक अजून पिवळाधमक आहे. तुझी हळद. तू तो राखेने घासायचीस, उन्हात ठेवायचीस, तरी डाग जात नव्हता. आई, रश्श्यातली हळद डब्यात शिरत होती, तर डब्यातलं काही रश्श्यात येत असेल, हे आपल्याला का नाही सुचलं? बाजारात एकेक वांगं उलटंपालटं करून घेणारी तू, या डब्याला बरं सोडलंस! राग नाही. म्हणजे थोडा आहे.

पथ्य पाळीन, रोज चालेन, बोटाला सुई टोचून घेईन. बाकीचे डबे भंगारात दिले. पिवळा ठेवलाय, त्यात बटणं ठेवीन.

आणि हे बाळ मोठं होऊन कुठे शिकायला गेलं, की त्याला शेंगोळे पाठवीन, तुझ्याच कडीच्या डब्यात. कंडक्टर ओरडला तर ओरडू दे, रस्सा सांडला तर सांडू दे. पण मला कशानं झाली गं, असं विचारायची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून मला जमेल ते सगळं करीन.

तुझी,
अश्विनी