कानपिळीचा मान

अक्षदा,

कृष्णराजच्या चौकशीचा रिपोर्ट पाचच्या आत तुझ्या आबांना द्यायचाय. मामा डोक्यावर उभा आहे. "बाल्या, डिटेक्टिव्ह हायस का कवी? लिही दोन ओळी!" कॉलेज अर्धवट सोडून त्याच्या ऑफिसात बसलो आणि पहिलंच काम मिळालं ते तुझं स्थळ तपासायचं.

चार दिवस मी त्याच्या गावी, वाशीत त्याच्या मागावर होतो. खोट सापडावी म्हणून नवसही बोललो. रविवारी तो सोनारीला काळभैरवाला गेला. चोरून त्याचे फोटो काढताना माकडानं माझा मोबाईल पळवला. कृष्णराजनंच शेंगदाणे टाकून तो सोडवला आणि स्क्रीनवर तुझा फोटो बघून थबकला.

"ही तर अक्षदा. तुमी कोण?"

माझी मूठ वळली होती. पण तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून बोलून गेलो, "मावसभाऊ."

"आरं वा! तिला सख्खा भाऊ न्हाय. मग लग्नात माझा कान पिळायला तुमीच, मेव्हणे!" वर चहा पाजला.

तू परवा म्हणालीस, "मला तो आवडलाय रे. पण तू सांगशील तेच खरं." तिथंच माझे हात बांधले गेले. आत्ताच लिहिलं : मुलगा निर्व्यसनी, मायाळू. होकार द्यावा.

हे पत्र मात्र तुला मिळणार नाही. लग्नालाही मी येणार नाही. कान पिळायला बसलो, तर तो माझ्या हातातच राहील.

तुझा, नाइलाजानं मावसभाऊ,
बालाजी