बदली आल्याशिवाय उठायचे नाही

मी, सोनिया कुंडलिक शिळीमकर, वय २८, शिक्षण ए.एन.एम., राहणार आंबवडे, तालुका भोर, हे स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवत आहे. ८ डिसेंबरला माझ्या मणक्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका शंभरात दोन सांगितला. त्या दोनांतली माणसे मी सांभाळलेली आहेत.

वाटणीआधी, घडले ते:

१. भोर-वेल्ह्यात घरोघरी आजारी माणसे सांभाळणाऱ्या आम्ही बेचाळीस जणींनी संघटना केली. मागण्या तीन: चोवीसऐवजी बारा तासांची पाळी, पगारवाढ, पेशंटला उचलण्याचा पट्टा. मी सचिव.

२. आम्हाला घरोघरी कामावर पाठवणाऱ्या ब्युरोच्या मालकांनी बोलणी नाकारली. २ जूनला सकाळी आठ वाजता कामावरच्यांनी निघायचे, त्यांच्या जागी येणाऱ्या बदलीच्यांनी जायचे नाही, असा आदेश मी लिहिला. सुगावा लागू नये म्हणून पेशंटच्या घरी कळवू नये, हेही मीच लिहिले.

३. आमच्या कामात बदलीची बाई दारात दिसल्याशिवाय पेशंटजवळून कोणी उठत नाही. बदलीच्या एकवीस जणी घरी राहिल्या. कामावरच्या एकवीसपैकी वीस जणी त्यांची वाट पाहत दुसऱ्या दिवसापर्यंत काम करत राहिल्या. संप मोडला.

४. एकटी सुलक्षणा रेणुसे उठली. पानशेतच्या बंगल्यातले तिचे लकव्याचे पेशंट एकटेच उठायला गेले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले. त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर झोपला होता.

५. तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली. तिने आदेशाशिवाय जागा सोडली, असा ठराव करून संघटनेने तिला काढले. ठरावाखाली सही माझी आहे.

आता वाटणी.

घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली ठेव आईला, धोंडाबाईंना.

भाऊ माऊली पारावर म्हणाला, "लोकांचं हगणं-मुतणं काढून आमची बहीण पुढारीण झाली." वडील अकरा महिने अंथरुणावर होते. त्यांची कूस बदलण्याचा तक्ता मी जपून ठेवला आहे. दर दोन तासांनी एक सही. त्यात त्याची एकही नाही. तो तक्ता त्याला द्यावा.

उचलण्याचा पट्टा सारोळ्याच्या नुजहतला. तिचे पेशंट चौऱ्याऐंशी किलोंचे आहेत आणि ती त्यांना एकटी उचलते. मी हा पट्टा पदरच्या पैशाने घेतला, तोही कंबर गेल्यावर.

ब्युरोच्या मालकांना काही नाही. माझे मूळ प्रमाणपत्र त्यांनी कपाटात अडकवून ठेवले आहे, ते परत घ्यावे. "मावशी लोकांना कशाला पायजे युनियन, तुमी तर घरच्याच," असे ते म्हणाले होते. घरच्यांची कागदपत्रे कोणी कुलपात ठेवत नाही.

सचिव म्हणून माझ्याकडे असलेली सभासदांची वही सुलक्षणाला. सांगितलेले काम केले ती एकटी. मी स्वतः उठले नव्हते. माझ्या पेशंट आजींना साडेआठला नळीतून दूध द्यायचे होते. कारण खरे आहे. पण आदेशात ती सवलत मी कोणाला दिली नव्हती. सुलक्षणा दुसऱ्या दिवशी घरी आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "ताई, तू सांगितलंस म्हणून म्या उठले. मग तू का न्हाई उठलीस?" मी म्हणाले, बैठकीत बोलू. बैठकीत मी बोलले नाही. आता ती धरणाजवळच्या हॉटेलात भाकऱ्या थापते.

आदेश माझा होता, असा जबाब मूळ कागदासह मी आज पोलीस ठाण्यात दिला. पोच सोबत जोडली आहे. अध्यक्ष रत्नाबाईंनाही सांगितले. त्या म्हणाल्या, "बाया तिला दारात उभं करनार न्हाईत. आन तुलाबी न्हाईत."

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी सुलक्षणाला नेमते.

सही: सोनिया कुंडलिक शिळीमकर
भोर, २४ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमोर सही झाली:
अजीजुन्निसा जलाल तांबोळी, भोर
चिमाजी गेनू खोपडे, आंबवडे

सुलक्षणा, याची प्रत तुला पाठवत आहे. तू नाही म्हणालीस तरी पोलिसांतला जबाब तसाच राहील. माझ्याविषयी काही लिहायची गरज नाही. वही घेणार की नाही, एवढेच ३ डिसेंबर, बुधवारपर्यंत लेखी कळव.