क्लॉनबाराचं शेवटचं मत

तीर्थस्वरूप बार्टीकाकांना,

पुतण्या फिन्टनचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आणि काकूंचा दमा आटोक्यात असेल अशी आशा आहे. लिमरिकची हवा दमट, तेव्हा काकूंना बेकरीच्या भट्टीजवळच बसवत जा. इकडे आम्ही जिवंत आहोत. याहून जास्त काही छातीठोकपणे सांगवत नाही.

क्लॉनबारा मतदारसंघ संपल्याचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेलच. राजा जेम्सच्या सनदेपासून चालत आलेला आपला मतदारसंघ! तुमच्या लहानपणी किती बरं होतं हो! जमीनदारसाहेबांच्या जेवणाच्या टेबलावर, मटण संपून पुडिंग येईपर्यंत, त्यांचा कुणीतरी भाचा खासदार व्हायचा. गावाला त्याचं नावसुद्धा कळायचं नाही, पण दगडही पडायचे नाहीत. मग कायदा बदलला आणि घर पुरेसं मोठं म्हणून माझ्यासारख्या पिंपं घडवणाऱ्यालाही मत मिळालं. मिळालं ते मिळालं, पण भर चौकात, मोठ्याने, नाव घेऊन द्यायचं! (हा नियम करणाऱ्याचं स्वतःचं घर कुणाच्या जमिनीवर होतं, एवढंच मला विचारायचं आहे.)

यंदा एका बाजूला साहेबांचे जावई कॅप्टन वॉर्बी, दुसऱ्या बाजूला डब्लिनचे वकील डेव्हरू. साहेबांचे कारभारी पिमलॉट दुकानात आले, साहेबांच्याच जमिनीवरच्या माझ्या छपराकडे बघत राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "छान घर आहे हं, हॅकेट. थंडीत पोराबाळांना असं छप्पर हवंच." रविवारी फादर क्विर्क चर्चमध्ये म्हणाले, की जमीनदाराला मत देणाऱ्याच्या दारावरून देवसुद्धा तोंड फिरवून जाईल. बोलताना बघत होते माझ्याकडे! बाहेर पडलो तर डेव्हरूंच्या बाजूची मासेवाली पेग टुही दगड भरलेला मोजा हातात झुलवत उभी. "काय रे फिन्टन, बायकोला विधवेचा काळा रंग शोभेल का रे?" असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. हनोरा माझ्या शेजारीच होती. "शोभतो मला काळा," ती म्हणाली. काका, संसारात माणसाला आधार तो काय?

आजारी पडावं म्हटलं, तर डॉक्टर कॅप्टनच्या गोटातले. ते पाठ थोपटून म्हणाले, "ठणठणीत आहेस, घसा तर फारच उत्तम." चांभार मर्नाहानने कॅप्टनला मत देऊ नये म्हणून डेव्हरूंच्या माणसांनी त्याला पळवून बेटावर नेऊन ठेवल्याचं कानावर आलं आणि मला त्याचा हेवा वाटला. शेवटी मतदानाच्या सकाळी मी दुकानातल्या सगळ्यात मोठ्या पिंपात शिरलो आणि आतून झाकण ओढून घेतलं.

पण डेव्हरूंच्या मंडळींना भाषणासाठी उभं राहायला काहीतरी हवं होतं. त्यांनी दुकानात घुसून नेमकं माझंच पिंप उचललं. "बापरे, जड आहे, भरलेलं दिसतंय!" असं कुणीतरी ओरडलं आणि त्या आनंदात त्यांनी मला गडगडवत चौकात नेलं. मग डेव्हरूसाहेब माझ्या डोक्यावर उभे राहून स्वातंत्र्यावर बोलले. जोरात आले की टाच आपटायचे. खाली मी मेरीमातेला सगळे नवस बोलून संपवले आणि उरलेल्या संतांकडे वळलो.

ते उतरले तेव्हा बाहेरून कळलं, की दोन्ही बाजूंची मतं सारखी झाली आहेत. कारकून ओरडत होता, "फिन्टन हॅकेट! शेवटची हाक!" आणि माझं नशीब बघा, तेवढ्यात झाकण निसटलं. मी कमरेपर्यंत बाहेर! एकीकडे पिमलॉट हसत होते (ते हसतात तेव्हाच जास्त भीती वाटते), दुसरीकडे पेगचा मोजा. बोबडी वळली. तोंडातून "डे..." निघालं, पुढचं कसं निघालं ठाऊक नाही. पेगने माझा मुका घेतला. मेलो असतो तर बरं, असं वाटलं.

डेव्हरू एका मताने निवडून आले. मग चौकशीला न्यायाधीश आले. दोन्हीकडची फुकट दारू, फुटलेली डोकी, बेटावरचा मर्नाहान, सगळं त्यांनी ऐकलं आणि निवडणूक रद्द केली. पुढे पार्लमेंटने ठरवलं, की हे गाव खासदार पाठवायच्या लायकीचंच नाही. मतदारसंघच पुसून टाकला. म्हणजे माझं मत गेलं, डेव्हरू गेले, क्लॉनबारा गेलं. राहिली फक्त पिमलॉटची, घर रिकामं करायची नोटीस. ती मात्र कुणी रद्द केली नाही.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
फिन्टन

ता. क. बेकरीवरची खोली रिकामी आहे का? वसंतापर्यंत आम्हाला घर सोडायचं आहे. खोली लहान असली तरी चालेल. तिच्यावर मत मिळणार नाही इतकी लहान असली तर उत्तमच.

ता. क. (हे मी, हनोरा, लिहितेय. ते पाकीट आणायला गेलेत.) काका, ह्यांनी घडवलेल्या पिंपाचं झाकण आपोआप निसटत नाही. मी समोर उभी होते. कुणी हात लावला नव्हता. आतून दोन हात वर आले आणि झाकण बाजूला ठेवलं. लटपटत होते ते हात, पण नाव सगळ्या चौकाला ऐकू गेलं. खोली मोठीच बघा.