पुन्हा तीच घाई

प्रिय आल्मुट,

वर तारीख घातलेली नाही. ‘आधी तारीख, मग मत’ असं ज्याने वर्गातल्या पोरांना जन्मभर बजावलं त्यानेच बिनतारखेचं पत्र लिहावं, यावरून काय ते समज. खाली माझं नावही नसेल. तुझं मात्र घातलं आहे, ते न घालता मला सुरुवातच करता येईना. हे पत्र टपालाने येणार नाही. आमच्या संग्रहालयात तिकिटं फाडणाऱ्या ट्राउटवाइनबाई शनिवारी तुझ्याच गोर्लित्सला, बहिणीकडे निघाल्या आहेत. त्यांच्या मोठ्या टोपलीत आलुबुखाराच्या केकखाली ते असेल. आत काय लिहिलंय ते बाईंनी विचारलं नाही. “डॉक्टर, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय, मला काही सांगू नका,” एवढंच म्हणाल्या. वाचून झालं की शेगडीत घाल, आणि मग हव्या तेवढ्या शिव्या दे.

आडपडदा न ठेवता सांगतो. तुझा लेख गुप्त पोलिसांच्या हाती लागला आहे. कोळसा कारखान्याच्या जेवणघरातल्या त्या भिंतीवरच्या चित्राबद्दलचा, चार पानी, नाव नसलेला, कार्बन लावून टाइप केलेला. तो तू मला दाखवला नव्हतास, ते शहाणपणाचंच होतं. पण मंगळवारी तो माझ्याच टेबलावर येऊन पडला. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की मी घोट गिळायचा थांबतो. काल खालच्या मजल्यावरच्या पोरीने बेल वाजवून पळ काढला, तर मी दाराशी कोट घालून उभा होतो. कुठे जायला, ते मलाही ठाऊक नाही.

मंगळवारी दुपारी चारला एक गृहस्थ माझ्या घरी आला. चाळिशीचा, नीट केस विंचरलेला. आत येण्याआधी पायपुसण्यावर बूट इतके सावकाश पुसत होता की मला वाटलं, विमा विकायला आला असेल. नाव सांगितलं म्युलर, म्हणजे नाव सांगितलं नाहीच म्हण. हातात अर्धा पौंड खरी कॉफी, आपल्या दुकानात मिळते ती भाजक्या वाटाण्याची नव्हे, आणि खसखशीचा केक. मी कॉफी केली. ती पिताना तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आम्ही अडाणी माणसं. लेख कुणाचा ते आम्ही विचारतच नाही हं. भाषा कशी आहे, एवढंच सांगा. या शहरात तुमच्याइतकं वाचता येणारं दुसरं आहे कोण?” आल्मुट, शिकवण्यातून काढल्यापासून आठ वर्षांत मला कुणी मत विचारलेलं नाही. संग्रहालयात मला तळघरात बसवून ऐंशी शब्दांच्या पाट्या लिहायला लावतात: घागर, भाजलेली माती, अमुक शतक. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. तो कोण आहे हे कळत असताना चढलो, हे लिहायला लाज वाटते.

तुम्हा मुलांना मी पेट्यांची गोष्ट अर्धीच सांगितली होती. आज उरलेली अर्धी सांगतो, कारण भीती वाटायला लागली की मला ती हटकून आठवते. सेहेचाळीसच्या हिवाळ्यात संग्रहालयातल्या मूर्ती मिठाच्या खाणीतून परत आल्या. युद्धात बाँबच्या भीतीने त्या खाली नेऊन ठेवल्या होत्या. लिंडेनच्या लाकडात कोरलेली ती आई तुला माहीत आहे, कडेवर मूल असलेली, जिच्यासमोर मी तुम्हाला अख्खं सत्र बसवलं. ती ज्या पेटीतून आली त्या पेटीच्या फळ्यांवर आतल्या बाजूने पेन्सिलीने नावं लिहिलेली होती. रशियन अक्षरांत काही, काही पोलिश. मूर्ती खाली वाहून नेणारे ते कैदी. एकाने नावाशेजारी छोटा घोडा काढला होता. इथवर तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे, की त्या फळ्या शेगडीत मी स्वतः घातल्या. हातपाय गारठले होते, बाकी काही कारण नाही. आणि त्याच ऊबेत बसून मूर्तीच्या पदराच्या चुण्यांवर दहा पानं लिहिली. त्या दहा पानांवर मला नोकरी मिळाली.

पुढे वर्गात मी जे शिकवलं ते सगळं त्या फळ्यांचं प्रायश्चित्त होतं. सुंदर वस्तू दिसली की विचारा, तुला इथवर वाहून कोणी आणलं? इतिहास वस्तूतच असतो पण तो मुका असतो, त्याला बोलतं करायला भाषा लागते, आणि भाषा कुणाचं मीठ खाते हेही तपासायला हवं. तुम्ही मला पाठीमागे ‘पेटीवाला’ म्हणायचात ते मला कळत होतं, आणि आवडतही होतं. ‘तुमची मुलं चित्रात नसलेलं शोधतात,’ असं सांगून त्यांनी मला काढलं, तेव्हा मनातल्या मनात मी ते पदकासारखं मिरवलं. तळघरातही मी मिरवत होतो. घरी मात्र दार दोनदा लावून झोपत होतो.

आता तुझा लेख. दुसऱ्याच ओळीत तुला ओळखलं. आधी तू माणसं मोजलीस, चित्रात एकेचाळीस. गाव कोळशासाठी सोडून देणारे ते हसरे लोक, समोर खणणारं यंत्र, वर निळं आभाळ. मग तू हात मोजलेस. एकही हात भरलेला नाही. घर सोडून निघालेली एकेचाळीस माणसं आणि कुणाच्या हातात साधी किटली नाही. त्यानंतर कुठलीही टीका न करता तू त्याच उठवलेल्या झेल्कवित्स गावातल्या एका आजीचं सांगितलंस, की तिने भट्टीचं लोखंडी झाकण बाबागाडीत घालून सात किलोमीटर ढकलत नेलं, नव्या घरात भट्टीच नव्हती तरी. कारखान्याच्या माहितीपुस्तकात लिहिलंय ‘गाव मोकळं केलं’, आणि आजी म्हणायची, “आम्ही गेलो नाही बाई, आम्हाला उचललं.” त्या दोन वाक्यांमध्ये तू एक रिकामी ओळ सोडलीस आणि एक शब्दही जास्त बोलली नाहीस. मी वाचत होतो आणि समोर तो खसखशीचा केक खात होता. भीती होतीच, आणि त्याच वेळी छाती भरून येत होती. चेहऱ्यावर काय दिसलं असेल देव जाणे.

तुझं नाव मी घेतलं नाही. हे दोनदा वाच. मी म्हणालो, हौशी माणूस दिसतो, बहुतेक पुरुष, वय पन्नासच्या पुढे, कलेचं शिक्षण नसावं. तो मान डोलवत लिहून घेत होता. “पुरुष? असं कशावरून म्हणता?” मी म्हणालो, बायका इतकं मोजत बसत नाहीत. माझ्या दिवंगत बायकोने हे ऐकलं असतं तर किटली माझ्या डोक्यात घातली असती. तो हसला. मग उठला, लेखाची पानं माझ्यापुढून उचलली, एकवार चाळली, आणि दारात म्हणाला, “फार मदत झाली, डॉक्टरसाहेब. तुम्हाला वाटते त्याहून जास्त.” कॉफीचा पुडा ठेवून गेला. तो अजून तिथेच आहे, मला हात लाववत नाही.

बुधवारी सकाळी मी शिकवायचो त्या जुन्या संस्थेत गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा. का गेलो ते पुढे सांगतो, अजून तेवढा धीर झालेला नाही. दप्तरखान्यात अजून ओस्वाल्डबाईच आहेत, आता कानाने जरा कमी. मी म्हणालो, अडुसष्ट सालचे माझ्या मुलांचे प्रबंध जरा चाळायचे होते, म्हातारपणाची हौस. त्या म्हणाल्या, “अगंबाई, आज सगळ्यांनाच ते आठवले! तो गठ्ठा आत्ताच गेला की, तासही झाला नसेल. एक गृहस्थ आले होते. इतके सभ्य, बूट पुसून आत आले.” मी बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर बसलो. तीन ट्रामी गेल्या.

आता सांगतो. तो समोर बसलेला असताना माझ्या हातात पेन्सिल होती. ती मी कधी घेतली ते मला आठवत नाही. तू हसशील, मी तर पावाच्या कागदावरचा मजकूरही पेन्सिल घेऊन वाचतो. जित्याची खोड. तिसऱ्या पानाअखेर तुझं ते वाक्य आलं: ‘चित्रकाराला हे माहीत होतं, नाहीतर त्याने एक तरी हात भरलेला काढला असता.’ आणि मी समासात, माझ्या त्या तिरप्या अक्षरात, तुझ्या प्रत्येक निबंधावर लिहायचो तेच लिहिलं. ‘पुन्हा तीच घाई.’ पुन्हा, आल्मुट. अनोळखी माणसाच्या लेखावर कोणी ‘पुन्हा’ लिहितं का? तोंडाने मी पन्नाशीचा पुरुष रंगवत बसलो होतो आणि हाताने तुझं नाव सोडून सगळं लिहून दिलं होतं. तुझ्या प्रबंधात हे तीन शब्द अकरा ठिकाणी आहेत. मी मोजले होते, तू चिडून मला दाखवले होतेस म्हणून. ते शोधायला माणसाला एक सकाळ पुरते, आणि ती सकाळ बुधवारीच झाली.

तुला वाटेल म्हातारा रडगाणं गातोय. रडतोही आहे, खोटं कशाला सांगू. पण काल दिवसभर बसून मी तुझा लेख आठवून आठवून वहीत उतरवून काढला, आणि चार पानं जवळजवळ जशीच्या तशी आली. त्या वाक्याशी आलो तेव्हा ते गाळून पाहिलं. बाकीचं सगळं छान, गोड, नीटनेटकं राहिलं, माझ्या पाटीसारखं. ऐंशी शब्दांत घागर. कुणी केलं हे त्या एकाच वाक्यात होतं. बारा वर्षं मी तुला सांगत आलो की वर्णनावर थांब, निष्कर्षाची घाई करू नकोस, वाचणाऱ्यावर सोड. ती घाई नव्हती, पोरी. मी ज्याला शैली म्हणत होतो ती माझी भीती होती, आणि ती मी तुला गुण म्हणून शिकवत होतो. वहीत ते वाक्य परत घातलं आणि त्याच्या समासात काही लिहिलं नाही.

लेख वहीत उतरवला तो हौस म्हणून नव्हे. सोमवारी मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे आणि तो माझा आहे असं सांगणार आहे. ‘पुन्हा तीच घाई’ मी स्वतःला लिहिलं, जन्मभर लिहीत आलो, आणि ती खोड माझ्या विद्यार्थिनीला लागली ती माझ्याकडूनच, असं म्हणेन. गुरूचा दोष शिष्यात उतरतो हे त्यांनाही पटेल, त्यांच्याकडेही तेच चालतं. हौशी पुरुष, पन्नाशीच्या पुढचा, असं मी मंगळवारी म्हणालोच होतो, वय तेवढं कमी सांगितलं. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, तळघराच्या खाली मला आणखी कुठे नेतील ते नेतील. शूर मी नाही. दुसऱ्या कपाला माझी जीभ सुटेल या भीतीने मी आतापासूनच कॉफी सोडली आहे. पण नुसत्या वहीवर ते विश्वास ठेवायचे नाहीत, ते टाइप केलेल्या अक्षरांचे ठसे जुळवून बघतील. म्हणून हे पत्र. तुझा टाइपरायटर ट्राउटवाइनबाईंच्या टोपलीत घाल, वर तुझ्या सफरचंदांचा थर दे, त्या काही विचारणार नाहीत. रविवारी संध्याकाळी तो माझ्या टेबलावर असायला हवा, फीत न बदलता. उरलेल्या प्रती आणि कार्बन हे पत्र जाईल त्याच शेगडीत घाल. तिथला कोळसा झेल्कवित्सच्याच जमिनीतला असेल, आजी रागावणार नाही. मला उत्तर लिहू नकोस, भेटायला येऊ नकोस, कुणी विचारलंच तर म्हण, सर विक्षिप्त होते, माझ्यावर नेहमी खेकसायचे. बाईंची परतीची बस रविवारी दुपारी दोनला सुटते. मी तुला जे कधी म्हणालो नाही ते आता म्हणतो. घाई कर.

तुझाच,
पेटीवाला