सातवा संदर्भ

सोम., ४ ऑगस्ट
एम.ए. भाग एकचं प्रात्यक्षिक. लेखाखालचा एकेक संदर्भ नेटवर शोधायचा, मूळ पान उघडायचं, लेखात म्हटलंय तेच तिथं आहे का बघायचं. नमुना म्हणून माझाच लेख दिला. मिरवायची हौस, दुसरं काय. कॉलेजच्या ग्रंथपालबाईंचा छापून आलेला लेख, पोरांना कळायला नको?
मंगळवेढ्याची महादेवी उठली. ‘मॅडम, सात नंबरचं पुस्तक घावलं. पण ह्या पानावर तसलं काहीच न्हाय की.’
‘तुला नीट शोधता येत नाही,’ म्हणाले. वर्ग हसला. ती खाली बसली.
ते पुस्तक मी जन्मात उघडलेलं नाही. दुसऱ्याच्या लेखातून पान नंबरासकट उचललं होतं.

मंगळ., ५
महादेवी लायब्ररीत आली. अख्खं पुस्तक चाळलं होतं तिनं, मोबाइलवर. ‘कुटंच न्हाय, मॅडम.’
आवृत्ती वेगळी असेल, म्हणाले. किती सहज निघालं तोंडातून. सात रस्ता चौकापर्यंत रिक्षात स्वतःलाच शिव्या घालत आले. पोरांना सांगते, नेटवरच्या कशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आणि मी?

गुरु., ७
पोरांच्या प्रात्यक्षिकाची जर्नलं तपासली. महादेवीचं: ‘संदर्भ ७ – मला शोधता आला नाही. चूक माझी.’
पोरीनं बरोबर शोधलं होतं, खोटं मी लिहायला लावलं. सही करवेना. लाज वाटली, फार लाज वाटली. जर्नल तसंच ड्रॉवरमध्ये.

शुक्र., ८
तिला बोलावून सगळं सांगितलं. जर्नल दुरुस्त कर, पूर्ण मार्क देते. ती म्हणाली, ‘हसले ते सगळ्यांपुढं, मॅडम. आन् खरं तेवढं दोघीतच ठिवायचं व्हय?’
सोमवारी वर्गात सांगते, असं बोलून बसले. नोकरी काही जाणार नाही. पण पोरं यापुढं माझं कशाला ऐकतील?

सोम., ११
लेख पडद्यावर लावला. सातवा संदर्भ समोर, सगळे बघतायत. आणि मी बयेनं काय केलं, तर हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव, सावकाश.
महादेवीचं नाव आलं. ‘हजर, मॅडम,’ म्हणाली आणि उभीच राहिली, माझ्याकडं बघत.
मी पुढचं नाव घेतलं.